धाडसी निर्णय, मंत्रिमहोदय

ही खोली नीट बघा. मंत्री जिम हॅकर, त्यांच्या खात्याचे सचिव सर हम्फ्री ॲपलबी आणि दोघांच्या मध्ये अडकलेला खासगी सचिव बर्नार्ड. २५ फेब्रुवारी १९८० रोजी बीबीसी टूवर 'येस मिनिस्टर' ही ब्रिटिश विनोदी मालिका सुरू झाली. ती बरीचशी चालली या तिघांच्या बोलण्यावर.

मंत्र्यांना काहीतरी बदलायचं असतं. सचिव नाही म्हणतच नाहीत. एवढंच म्हणतात, निर्णय धाडसी आहे. हॅकरचा चेहरा उतरतो. 'वादग्रस्त' निर्णयाने मतं जातात, 'धाडसी' निर्णयाने निवडणूकच जाते, हे सर हम्फ्रींनीच बर्नार्डला समजावलेलं असतं. योजना बासनात जाते.

आणि ते रुग्णालय! १९८१ च्या एका भागातलं. नवी कोरी इमारत, पाचशेहून अधिक प्रशासकीय आणि इतर कर्मचारी, पण डॉक्टर नाही, परिचारिका नाही, एकही रुग्ण नाही. हॅकर चिडतो. सर हम्फ्रींना मात्र काही चुकलंय असं वाटतच नाही. देशातल्या उत्तम चाललेल्या रुग्णालयांपैकी ते एक आहे, स्वच्छतेच्या पुरस्कारासाठी त्याचं नाव पुढे आहे. हे खोटंही नसतं. रुग्णच नसतील, तर घाण होणार कशी? कागद चोख असला की माणूस दिसेनासा होतो, हे इतकं स्पष्ट दाखवलेलं मी टीव्हीवर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. सरकारात आतून वावरलेल्या माणसांना गाठून त्यांनी माहिती काढली. पण हॅकरचा पक्ष कोणता, हे अखेरपर्यंत सांगितलं नाही. मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. नाव घेतलं असतं, तर अर्धा देश हसून मोकळा झाला असता आणि अर्धा रुसून बसला असता. २००१ मध्ये फारूक शेख यांना घेऊन हिंदीत 'जी मंत्रीजी' झाली, तेव्हाही गोष्ट दिल्लीत सहज रुजली.

ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात त्यांनी हॅकर झालेले पॉल एडिंग्टन आणि सर हम्फ्री झालेले नायजेल हॉथॉर्न यांच्यासोबत छोटा प्रवेश सादर केला. त्यात पंतप्रधानांना अर्थतज्ज्ञच रद्द करायचे असतात. दोन्ही नटांना यात मनापासून रस नव्हता. मग लिन बोलायला उभे राहिले. विनोदी मालिकांच्या क्षेत्रात अखेर आपलं हक्काचं स्थान घेतल्याबद्दल त्यांनी पंतप्रधानांचे आभार मानले.

लिन यांच्या आठवणीनुसार, सगळे हसले. थॅचर सोडून.