पहिल्या शिट्टीच्या आधी

(दृश्य: रेवाडीची वाफेच्या इंजिनांची शेड. संध्याकाळ. थंड इंजिन, त्याखालून बॅटरीचा उजेड फिरतोय.)

निवेदन:
रेवाडी. हरियाणातलं जंक्शन. इथली ही शेड 1893 सालची. उद्या सकाळी दहाला एक इंजिन सुटायचंय, म्हणजे आज दिवेलागणीला भट्टी पेटायलाच हवी. डिझेलचं इंजिन बटण दाबून सुरू होतं. वाफेचं इंजिन उठवावं लागतं, आणि ते एका हाकेत उठत नाही.

समोर उभं आहे ते ए. डब्ल्यू. ई. वर्गाचं 22907. पुढे दोन चाकं, मध्ये आठ, मागे दोन. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यात अशी इंजिनं भराभर बांधली गेली आणि जहाजांत घालून हिंदुस्थानात धाडली गेली. सुबकपणाच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पाइप बाहेरून गेलेत, जिथे पाना पोचतो तिथेच नट आहे. आज ऐंशी वर्षांनी फिटर याच गोष्टीला दुवा देतात.

(दृश्य: गेज ग्लास, अगदी जवळून.)

पहिलं काम पाण्याचं. फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो तिथे, काचेच्या दोन नळ्या दिसतात, त्या गेज ग्लास. बॉयलरमध्ये पाणी किती, हे फक्त त्यांच्यावरून कळतं. एका नळीवर भरवसा ठेवायचा नाही. खालचा कॉक उघडून पाणी सोडायचं, बंद करायचं आणि पाणी परत किती झपाट्याने चढतं ते बघायचं. रेंगाळत चढलं, तर आतली वाट गाळाने बुजलेली आहे आणि काच दाखवते ते खोटं आहे. दोन्ही काचा एकच पातळी दाखवेपर्यंत काडी ओढायची नाही.

थंड बॉयलर काठोकाठ भरायचा नाही. तापलं की पाणी फुगतं. अर्ध्या काचेच्या आसपास असलं, की सकाळी ते आपोआप वर आलेलं दिसतं.

मग हँडब्रेक. चाकांना लाकडी ठोकळे. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, घट्ट बंद; रिव्हर्सर, म्हणजे पुढे की मागे हे ठरवणारा दांडा, मधोमध; सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे. ही खबरदारी कशाला? रेग्युलेटर जरा जरी गळका असला, तर रात्रभर थोडी थोडी वाफ सिलिंडरमध्ये साठते आणि पहाटे कोणाच्या ध्यानीमनी नसताना शंभर टनांचा तो ऐवज शेडच्या भिंतीकडे चालू लागतो.

(दृश्य: फायरबॉक्सच्या दारातून आत शिरणारा माणूस.)

फायरबॉक्स म्हणजे भट्टीची खोली. तिच्या छताला क्राउन शीट म्हणतात. छताच्या वर पाणी, खाली विस्तव. छतात शिसं भरलेले प्लग बसवलेले असतात. पाणी कमी होऊन छत उघडं पडलं, तर 327 अंशांना शिसं वितळतं, त्या भोकातून वाफेचा झोत थेट विस्तवावर येतो आणि फायरमनला कळतं की घात झालाय. प्लग आग विझवत नाही, इशारा देतो. तो मिळाल्यावरही कोळसा ओतत राहणाऱ्याला कोणी वाचवू शकत नाही.

आत गेलेला माणूस प्लग बघतो. मग स्टे, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना धरून ठेवणारे शेकडो दांडे. मग ट्यूबची, म्हणजे भट्टीतला धूर बॉयलरच्या पाण्यातून नेणाऱ्या नळ्यांची, तोंडं. कुठे पांढरी रेघ ओघळलेली दिसली, की तिथून पाणी झिरपतंय. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. घरोघरी तांब्याचे बंब असत, त्यांच्या आत बसणारा पांढरा थर आठवा. हा तोच. फरक इतकाच, की बंबावर थर चढला तर अंघोळीला उशीर होतो. इथे थर उष्णतेला पाण्यापर्यंत पोचू देत नाही, पत्रा तापून मऊ पडतो आणि फुगतो. म्हणून ठरावीक दिवसांनी वॉशआउट करायचाच. बॉयलर पुरता थंड करून, खालची बुचं काढून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळ बाहेर. बॉयलर गरम असताना थंड पाण्याचा फवारा मारला तर? मारणारा एकदाच मारतो.

(दृश्य: काकडा पेटतो.)

आता विस्तव. शेगडीच्या सळ्यांवर चार बोटं कोळसा, म्हणजे सळ्या थेट जाळात यायच्या नाहीत. त्यावर लाकडाच्या ढलप्या. डिझेलमध्ये भिजवलेल्या कॉटन वेस्टचा काकडा करून फावड्यावर ठेवायचा, पेटवायचा आणि आत सरकवायचा. खालचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडा, दार किंचित किलकिलं.

यानंतरचे तीन-चार तास चित्रीकरणाच्या दृष्टीने फार कंटाळवाणे आहेत. धूर आळसावल्यासारखा वर जातो. दाबाचा काटा शून्यावरच. ब्लोअर लावून जाळ भडकवावा म्हटलं, तर ब्लोअर वाफेवर चालतो आणि वाफ अजून व्हायचीय. बाहेरून हवा मारून काम लवकर उरकता येतं. उरकू नये.

कारण बॉयलर सगळीकडून सारखा तापत नाही. फायरबॉक्सजवळचं आणि वरचं पाणी गरम झालं तरी पोटाशी असलेलं पाणी बराच वेळ थंड राहतं. वरचा पत्रा लांब होऊ बघतो, खालचा त्याला धरून ठेवतो. ही ओढाताण ट्यूबच्या तोंडांवर आणि स्टेंवर येते. हिशेब अगदी साधा आहे. पोलादाचा सहा मीटर लांबीचा बॉयलर 200 अंशांपर्यंत तापला, की सुमारे 12 मिलिमीटरने वाढतो. म्हणून तो चेसिसला फक्त पुढच्या टोकाला, सिलिंडरपाशी, पक्का बोल्ट केलेला असतो. मागचं टोक सरकत्या आधारांवर बसतं. आधारांना ग्रीस नसेल, गंज धरला असेल, तर बॉयलर सरकत नाही, वाकू बघतो. घाईने वाफ चढवलेल्या इंजिनाचे ट्यूब त्याच दिवशी गळतीलच असं नाही. पुढच्या महिन्यात गळतात, आणि मग दोष कोळशाला दिला जातो.

(दृश्य: पहाटेचे चार. काटा हललाय.)

काट्याने तीस-चाळीस पौंड दाखवले, की ब्लोअरला दम येतो. आता जाळाचा रंग बदलतो, आवाज बदलतो. आपला कोळसा राखाळ. राख वितळून सळ्यांवर तिची ढेकळं धरतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर धरला की खालून हवा येत नाही, आणि वर कितीही कोळसा टाका, धूर काळाच. फायरमनला हे भट्टीत न डोकावता चिमणीवरून कळतं. दाट काळा धूर म्हणजे हवा कमी. धूर अजिबात नाही म्हणजे हवा जास्त, उष्णता फुकट चाललीय. फिका करडा धूर दिसला, की तो फावडं टेकवून चहाकडे वळतो.

त्याआधी इंजेक्टर बघायचा. वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं हे यंत्र, ज्यात फिरणारा एकही भाग नाही. पाणी आणि वाफ यांचं प्रमाण जमलं की त्याला सूर लागतो, एकसारखा. नाही जमलं तर खालच्या नळीतून पाणी सांडत राहतं. टेंडरमधलं, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातलं, पाणी तापलेलं असेल तर तो अडून बसतो, कारण गरम पाण्यात वाफ नीट विरत नाही आणि ती विरल्याशिवाय जोर तयार होत नाही. निघण्यापूर्वी दोन्ही इंजेक्टर चालवून बघायचे. एकावर निघणं हा जुगार आहे.

शेडमध्ये डब्ल्यू. पी. या दुसऱ्या वर्गाचीही इंजिनं आहेत, त्यांचा कामाचा दाब 210 पौंड प्रति चौरस इंच. अशा दाबाला पोचायला सकाळ होते. तोवर तेलवाला खाली फिरतोय. ॲक्सल बॉक्स, क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉडची मोठी टोकं. एक कप कोरडा राहिला, तर काही मैलांत बेअरिंगमधला व्हाइट मेटल हा मऊ धातू वितळून गळतो.

(दृश्य बदलतं. दिल्लीजवळचा हिंडनचा हवाई तळ. चंदेरी डकोटा, इंजिनाखाली तेलाचा ट्रे.)

निवेदन:
ज्या युद्धाने ते इंजिन घडवलं, त्याच युद्धाचं हे विमान. डग्लस डकोटा, महायुद्धाच्या शेवटच्या टप्प्यातलं. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन 2018 च्या एप्रिलमध्ये ते कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला उतरलं आणि 4 मे रोजी हिंडनला भारतीय हवाई दलात दाखल झालं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते दलाला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटा उडवत. शेपटीवरचा क्रमांक व्ही. पी. 905. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा हा क्रमांक. नाव परशुराम. कोकणातल्या माणसाला हे विमान आपल्याच गावचं वाटलं, तर नवल नाही.

(दृश्य: दोन जण पंख्याचं पातं हाताने ओढतायत.)

इथे सकाळ होते ती हातांनी. दोन तंत्रज्ञ पातं धरून ओढतात आणि मोजतात. एक, दोन, तीन... बारापर्यंत.

प्रॅट अँड व्हिटनीच्या या ट्विन वास्प इंजिनात 14 सिलिंडर आहेत. सात-सातच्या दोन रांगा, गोलाकार. म्हणजे काही सिलिंडर उलटे, तोंड जमिनीकडे. इंजिन बंद असताना तेल पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून या खालच्या सिलिंडरांत साचतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. अशा वेळी थेट स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड त्या दिवशी बोलेलच असं नाही. कधीतरी, बहुधा उड्डाण करताना, पूर्ण ताकदीवर तो तुटतो.

बाराच पाती का? पंखा आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये 16 ला 9 असा गिअर आहे. तीन पात्यांचा पंखा बारा पाती फिरला म्हणजे चार फेरे, क्रँकचे सात. एका सिलिंडरचं पूर्ण चक्र दोन फेऱ्यांत होतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर निदान तीनदा तपासला गेला.

पातं मध्येच अडलं, तर जोर लावायचा नाही. आणि उलटं तर अजिबात फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की अडथळा गेल्यासारखा वाटतो खरा. प्रत्यक्षात तेल इनटेक पाइपात जाऊन बसतं आणि इंजिन सुरू होताच तिथून परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. बरोबर उपाय कटकटीचा आहे. खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं, मग पुन्हा मोजणी. एका इंजिनाला 28 प्लग. विमानाला दोन इंजिनं.

(दृश्य: कॉकपिट. बाहेर अग्निशामक घेतलेला माणूस.)

काउल फ्लॅप, म्हणजे इंजिनाच्या आवरणावरच्या हवेच्या झडपा, उघडे. स्टार्टर. पुन्हा काही पाती मोजून मग मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणारं यंत्र, चालू. एक सिलिंडर खोकतो, दुसरा साथ देतो, निळसर पांढरा धूर पंखामागे लोळतो. हा धूर बिघाडाचा नाही, रात्रभर साचलेल्या तेलाचा. खरं लक्ष तेलदाबाच्या काट्यावर. तीस सेकंदांत तो उठला नाही, तर इंजिन बंद.

कधी मिश्रण विरळ पडून कार्ब्युरेटरमध्ये भडका उडतो. नवख्याला वाटतं, थांबवावं. उलट स्टार्टर चालूच ठेवायचा, म्हणजे ज्वाळा आत ओढली जाऊन तिथेच संपते. अग्निशामकवाला उभा आहे तो हे जमलं नाही तर म्हणून.

मग वाट बघणं. तेल निदान 40 अंश होईपर्यंत ताकद द्यायची नाही. थंड तेल काकवीसारखं असतं, बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. त्यानंतर एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचं. फेऱ्यांत 100 पर्यंतची घट चालते. त्याहून जास्त म्हणजे कुठलातरी प्लग तेलकट झालाय किंवा वायरिंग दमट आहे.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र विमान नशीबवान. ट्विन वास्पची 1,73,000 हून अधिक इंजिनं बनली. पिस्टन, रिंगा, सिलिंडर अजून जगभर शोधले की सापडतात. इंधनाची रड वेगळी. या इंजिनाला ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लागतं, जेटचं रॉकेल चालत नाही, आणि ते वर्षानुवर्षं आयात होत होतं. इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत ते बनवायला घेतलं आणि 2022 च्या सप्टेंबरात त्याचं अनावरण केलं, तेही हिंडनलाच.

रेल्वेच्या इंजिनाचं दुकान कुठे नाही. भाग तुटला, की आधी शेडमध्ये झिजून पडलेल्या भावंडांकडे बघायचं. तिथे नसला, तर लाकडाचा पॅटर्न, मग ओतकाम, मग लेथ. ओतीव लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एक मोठा धरायचा. हे विसरलं की दोन आठवडे फुकट.

(दृश्य: रेवाडी. सकाळचे दहा.)

सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरतोय. ड्रेन कॉक अजून उघडेच. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचं पाणी होतं आणि, विमानात तेलाचं झालं तेच इथे पाण्याचं, ते दाबलं जात नाही. कॉक बंद ठेवून निघालात तर सिलिंडरचं झाकण उडतं. म्हणूनच निघताना इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी वाफेचे ते पांढरे फवारे. फोटो सगळ्यांना त्याचाच हवा असतो. ड्रायव्हर मात्र फवाऱ्यातलं पाणी संपून नुसती वाफ कधी येते ते बघतोय.

रेग्युलेटर जरासा. शिट्टी. चाक हललं.

पहिल्या थांब्यावर तो खाली उतरतो आणि प्रत्येक ॲक्सल बॉक्सवर हात ठेवत जातो. पालथा हात. तळवा भाजला तर फावडं धरता येत नाही.

(दृश्य: हिंडन. विमान उतरलंय. पांढऱ्या फडक्यावर तेलाची गाळणी.)

इकडे तंत्रज्ञाने तेलाची गाळणी काढून पांढऱ्या फडक्यावर उलटी केलीय. काळे कण दिसले, तर तो जळलेल्या तेलाचा कार्बन, बोटांत चुरडतो. चमकणारा कण असेल तर चुंबक. चिकटला तर पोलाद, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग, आणि विमान तिथेच थांबलं. आज फडक्यावर कार्बन आहे. गाळणी धुऊन परत बसते, तार बांधली जाते.

इंजिन थंड होताना टिकटिकतंय. खालच्या ट्रेमध्ये तेलाचा पहिला थेंब पडलाय.