गुलाबी गोळी

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं कल्चरच्या प्लेटा पाहिल्या. काउंटरवर रोजचा प्रश्न एकच: ‘‘रिपोर्ट कधी मिळेल?’’ लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. जंतू वाढायला हवेत, मग कुठल्या औषधाने मरतात ते बघायला हवं. त्याला घाई चालत नाही.

पण ऐंशीच्या आजींना तेवढी सवड कुठे असते? या वयात संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. आजी एकाएकी बरळायला लागतात, घरचे म्हणतात, ‘‘वयामुळे असेल.’’ डॉक्टर अनुभवावरून अँटिबायोटिक सुरू करतात. जंतू त्याला दाद देत नसला, तर ते दोन दिवस फुकट जातात. १९९० ते २०२१ या काळात अशा जंतूंमुळे होणारे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू जगभरात निम्म्याहून कमी झाले, सत्तरीपुढच्यांचे मात्र ८० टक्क्यांहून जास्त वाढले.

या जंतूंशी लढायला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं की लोकांना नवं औषध आठवतं. तेही होतंय. २०२० मध्ये अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहासाठी तपासलेल्या एका जुन्या रेणूत जंतू मारण्याची ताकद हेरली. त्याला नाव दिलं हॅलिसिन. पण ते काही अजून मेडिकलच्या दुकानात आलेलं नाही.

मला जास्त कौतुक वाटतं ते इस्रायलमधल्या २०१९ च्या अभ्यासाचं. लघवीच्या संसर्गाच्या ७ लाखांहून अधिक नोंदी तिथल्या संशोधकांनी संगणकाला दिल्या: रुग्णाचं वय, आधीची कल्चर, आधी घेतलेली अँटिबायोटिक्स. त्यावरून, नवा रिपोर्ट यायच्या आधीच, कुठलं औषध चालणार नाही याचा अंदाज संगणक बांधू लागला. जादू काही नाही हो, चांगली स्मरणशक्ती! निर्णय डॉक्टरांचाच.

आपल्याकडे ही स्मरणशक्ती असते कपाटात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत. निम्मे रिपोर्ट तिथे, निम्मे रद्दीत. ती पिशवी दवाखान्यात न्यायची, एवढं तर संगणकाशिवायही जमतं.

एकदा एका मुलाला मी विचारलं, ‘‘आईंना मागच्या खेपेला कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं?’’

तो आठवून आठवून म्हणाला, ‘‘गुलाबी गोळी होती. मोठी.’’