एकाच मापाचे दोन कागद

नमस्कार श्रोतेहो.

विद्यापीठात कला आणि विज्ञान एकत्र शिकवायला हवं, हे वाक्य परिसंवादात आलं की सगळे माना डोलावतात. पुढे वेळापत्रक लागतं तेव्हा शुक्रवारी दुपारचा शेवटचा तास 'कलास्वाद' म्हणून पडलेला असतो आणि भौतिकशास्त्राची मुलं तिथे हजेरीपुरती बसतात. तिकडे चित्रकलेच्या मुलांच्या हाती विज्ञानाची ओळख करून देणारं एक पुस्तक पडतं, ते परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतं. याला एकत्र शिकणं म्हणायचं, तर एकाच बसमधून जाणाऱ्या सगळ्यांना नातेवाईक म्हणावं लागेल.

ही दरी जुनी आहे. शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार असलेले सी. पी. स्नो 1959 साली केंब्रिजच्या व्याख्यानात हेच बोलले होते. साहित्यातल्या विद्वानांना उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, दुसरा नियम ठाऊक नसतो आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यावरचे उपाय मात्र बहुतेक ठिकाणी विषयांच्या यादीपाशी थांबले. अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या तंत्रज्ञानाच्या संस्थेत पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रं यांतले 8 विषय करावेच लागतात. नियम चांगला आहे, मुलाला निदान दुसऱ्या इमारतीची वाट कळते. पण इमारती दोनच राहतात.

मला आज बोलायचंय ते दोघांनी एका कामावर बसण्याबद्दल. त्यासाठी मेरी थार्प यांची गोष्ट सांगतो.

थार्पबाईंची पहिली पदवी इंग्रजी आणि संगीत या विषयांची. पुढे त्या भूविज्ञान शिकल्या, मग गणितही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक प्रयोगशाळेत नकाशे काढायच्या कामावर लागल्या. समुद्रात जहाज जायचं, आवाजाचा प्रतिध्वनी घेऊन खोली मोजायचं आणि आकड्यांच्या पट्ट्या परत यायच्या. त्या काळी बायकांना त्या जहाजावर घेत नसत, त्यामुळे थार्पबाई टेबलाशी. 1952 च्या सुमाराला उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या अशा सहा मार्गांवरच्या खोल्या त्यांनी कागदावर उतरवल्या. मध्यभागी पर्वतरांग दिसली, ती अपेक्षितच होती. पण दर छेदात त्या रांगेच्या माथ्यावर, साधारण त्याच जागी, एक खाच होती. समुद्रतळ तिथे फाटत असावा, असं त्या म्हणाल्या. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांनी ते 'बायकांच्या गप्पा' म्हणून उडवून लावलं. कारण ही गोष्ट मान्य करायची, तर खंड सरकतात हेही मान्य करण्याची पाळी येणार होती, आणि तेव्हा ते बोलणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं होतं.

आता मला ज्यासाठी ही गोष्ट सांगायची होती ते ऐका. त्याच प्रयोगशाळेत हॉवर्ड फॉस्टर नावाचे गृहस्थ समुद्राखालच्या भूकंपांचे केंद्रबिंदू नकाशावर मांडत होते. ते बॉस्टनच्या ललितकला विद्यालयाचे पदवीधर, आणि कर्णबधिर. हीझेन यांनी त्यांना एक अट घातली होती: तुमच्या नकाशाचं माप थार्प यांच्या नकाशाचंच हवं. खालून उजेड टाकणाऱ्या काचेच्या टेबलावर दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले, तेव्हा भूकंपाचे ठिपके थेट त्या खाचेत जाऊन बसले, म्हणजे तिथली जमीन खरंच हलत होती. मग हीझेनही बधले.

विद्यापीठांनी यातून काही उचलायचं असेल, तर ती मापाची अट उचलावी. संगीत शिकलेली बाई आणि चित्रकला शिकलेला माणूस एका खोलीत होते म्हणून ते घडलं नाही. दोन कागद एकमेकांवर ठेवता आले, म्हणून घडलं. आपल्या 'आंतरविद्याशाखीय' प्रकल्पांत नेमकं हेच होत नाही. विज्ञानाचा विद्यार्थी अहवाल लिहितो, कलेचा विद्यार्थी त्याला मुखपृष्ठ करून देतो, आणि दोघांनाही टाळ्या मिळतात.

याच नकाशाची पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. नेमक्या खोलीच्या रेषा दाखवणारे नकाशे अमेरिकी नौदलाने गोपनीय ठरवले होते. मग थार्पबाईंनी आकडे वगळून समुद्रतळ रेखाटला, पाणी काढून टाकून विमानातून तिरकं पाहिल्यासारखा. तो 1957 साली छापून आला. एका रेषेची उंची वाढवायची की उतार मऊ ठेवायचा, हा निर्णय आता हाताचा होता, पण त्यामागे खोलीचे आकडे होते. त्यांना नकाशात जलपऱ्या आणि बुडालेली गलबतंही काढायची होती, हीझेन यांनी नाही म्हटलं. (मला विचाराल तर कोपऱ्यात एखादी चालली असती.) 1977 साली साऱ्या जगाच्या समुद्रतळाचा जो नकाशा निघाला, तो रंगवला हाइनरिख बेरान या ऑस्ट्रियन चित्रकाराने. पर्वतांची विहंगम दृश्यं रंगवण्यात या चित्रकाराचा हात बसलेला होता.

हा झाला नकाशा. साध्या प्रॅक्टिकलचं काय? जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आकृती काढायची पद्धत अजून आहे. टोक केलेली पेन्सिल, छायेऐवजी ठिपके, नावांच्या रेषा एकमेकींना छेदायच्या नाहीत. नियम सगळे पाळले जातात, फक्त आकृती स्लाइडवरून न काढता गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरते. हल्ली तर मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला लावला की फोटो मिळतो, मग पेन्सिल कशाला, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे, झटकून टाकू नये.

उत्तर मेंदूच्या पेशींचा अभ्यास करणारे स्पेनचे शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या टेबलावर सापडतं. लहानपणी त्यांना चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी वैद्यकाकडे वळवलं. इटलीच्या कामिलो गोल्गी यांनी 1873 साली चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवण्याची रीत शोधली होती. हजारोंतल्या थोड्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या फांद्यांसकट. मेंदूचा काप जाड असल्यामुळे मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवला की एक फांदी स्पष्ट होते आणि दुसरी पुसट. फोटोत एकाच पातळीवरचं दिसतं. काहाल स्क्रू फिरवत राहायचे, अनेक काप बघायचे आणि सगळं मनात जुळवून एक चित्र काढायचे. फांदी कुठे संपते, हे चित्र काढणाऱ्याला ठरवावंच लागतं. काहाल यांनी टोकं मोकळी सोडली: प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. गोल्गीही चित्रं काढत होते, चांगली काढत होते, त्यांना मात्र सलग जाळं दिसलं. 1906 साली दोघांना मिळून नोबेल दिलं गेलं आणि त्याच व्यासपीठावरून गोल्गींनी काहालांच्या मताला विरोध केला. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन पेशींमधली फट दिसली, आणि काहाल खरे ठरले.

म्हणजे चित्र काढलं की जे खरं तेच दिसतं, असा माझा दावा नाही. दावा एवढाच, की रेघ ओढली की माणूस सापडतो. त्याने काय पाहिलं हे कागदावर येतं आणि त्याच्याशी भांडता येतं. मोबाइलमधल्या फोटोशी कोण भांडणार?

दुसऱ्या बाजूलाही हेच लागू आहे. अॅबट थेअर हे अमेरिकन चित्रकार. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिकं का, याचं उत्तर त्यांनी 1896 साली मांडलं: वरून येणाऱ्या उजेडाने अंगाला जो गोलवा दिसतो, तो या रंगांनी मारला जातो आणि प्राणी सपाट, न दिसण्याजोगा होतो. कागदावर गोलवा आणण्यात ज्याची हयात गेली, त्याला गोलवा घालवण्याची युक्ती बरोबर ओळखू आली. पण मग त्यांना सगळीकडे लपणंच दिसू लागलं. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंगसुद्धा सूर्यास्ताच्या आभाळात मिसळण्यासाठी, इथवर गाडी गेली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यावर जाहीर टीका केली, आणि ती योग्यच होती. रोहित दिवसभर काय करतो, हे चित्रकाराला विचारणारं कोणी शेजारी बसलेलं हवं होतं.

तेव्हा नवा विषय काढू नका. आहे तोच प्रॅक्टिकलचा लांब तास घ्या आणि त्यात चित्रकलेचा शिक्षक आणि शास्त्राचा शिक्षक एकाच वेळी उभे करा. तास कुणाच्या नावावर मोजायचा, यावर खूप कागद फिरतील, फिरू द्या. फोटो घेऊ द्या, पण शेजारी त्याच मापाचं चित्र मागा. भूवैज्ञानिक नकाशात थरांची सीमा खात्रीची असेल तर अखंड रेघ मारतात, अंदाजाची असेल तर तुटक. तीच पद्धत इथे लावा. चित्रकलेच्या शिक्षकाने रेघ तपासावी, शास्त्राच्या शिक्षकाने प्रत्येक तुटक रेघेवर प्रश्न विचारावा, आणि गुण दोघांनी मिळून द्यावेत. ज्याच्या कागदावर एकही तुटक रेघ नाही, त्याला गुण देण्याआधी परत मायक्रोस्कोपकडे पाठवा.