ती बस परत फिरली म्हणून

मंडळी, सिडनीत राहून आपल्यातल्या बऱ्याच जणांना फ्रीडम राइड, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध बसने काढलेली निषेधाची फेरी, म्हटलं की अमेरिकाच आठवते, 1961 ची. नाव तिथूनच घेतलं हे खरं, पण इथली राइड इथल्या मातीतली आहे, आणि आज ज्यू आणि अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची) तरुण मुलंमुली एकत्र निघून ज्या रस्त्याने जातात तो तिचाच रस्ता.

1964 मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीच्या पोरांनी अमेरिकन कॉन्सुलेटसमोर निदर्शनं केली, तिकडच्या काळ्या लोकांना हक्क द्या म्हणून. तेव्हा त्यांनाच विचारलं गेलं, की तुमच्या स्वतःच्या देशात काय चाललंय ते बघितलंय का? हा प्रश्न त्या पोरांना लागला. चार्ल्स पर्किन्स या अ‍ॅबोरिजिनल विद्यार्थ्याने पुढाकार घेतला आणि 12 फेब्रुवारी 1965 ला तीसेक जणांची बस न्यू साउथ वेल्स राज्याच्या आतल्या गावांकडे निघाली. त्यात जिम स्पिगेलमन होता, 19 वर्षांचा, पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा, आईवडील नाझींच्या तावडीतून जिवंत सुटून इथे आलेले. हाच पुढे न्यू साउथ वेल्सचा चीफ जस्टिस झाला.

वॉलगेटमध्ये युद्धावर लढून आलेल्या अ‍ॅबोरिजिनल सैनिकांना माजी सैनिकांच्याच क्लबात घेत नव्हते. पोरं फलक घेऊन क्लबसमोर उभी राहिली, तर मुक्कामाच्या हॉलमधून बाहेर काढलं आणि रात्री गावाबाहेर एका ट्रकने बसला रस्त्याखाली ढकललं.

पण मला खरं सांगायचंय ते मोरी गावाचं. तिथे गावच्या स्विमिंग पूलमध्ये अ‍ॅबोरिजिनल लोकांना बंदी, तसा कौन्सिलचा नियमच होता. पाण्यावरून अडवणूक म्हटल्यावर महाड, 1927, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पर्किन्सने मिशनवरची, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या वेगळ्या वस्तीतली, लहान पोरं बसमध्ये घातली, पूलवर नेली, दारात बराच वाद झाला आणि शेवटी ती पोरं पाण्यात उतरली. सगळे खूश, बस पुढे गेली. आणि बसची पाठ वळली तशी बंदी पुन्हा लागू! आता विचार करा, झालं की आपलं काम, बातमी छापून आली, पुढचं गाव वाट बघतंय, कोण परत जातं? ते गेले. 20 फेब्रुवारीला पुन्हा पूलच्या दारात, आणि या वेळी समोर चिडलेली गर्दी, अंडी टोमॅटो फेकणारी, स्पिगेलमनला ठोसा मारून खाली पाडलं, तास न् तास रेटारेटी, पण कोणी हललं नाही. शेवटी मेयरला नियम रद्द करायचं कबूल करावं लागलं. मला विचाराल तर अख्ख्या राइडमधला सगळ्यात मोठा दिवस हाच.

ज्यू मुलं या वाटेवर का येतात असं कोणी विचारतं, तर त्यांच्यासाठी हे नातं त्याच्याही आधीचं आहे. 6 डिसेंबर 1938 ला, जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेल्यावर महिनाभरात, विल्यम कूपर हा सत्तरी ओलांडलेला, योर्टा योर्टा या अ‍ॅबोरिजिनल समाजातला माणूस आपल्या लोकांना घेऊन मेलबर्नच्या जर्मन कॉन्सुलेटवर निषेधाचं पत्र घेऊन गेला. आत घेतलं नाही. आणि लक्षात घ्या, तेव्हा राज्यघटनेप्रमाणे देशाची लोकसंख्या मोजताना त्याच्या स्वतःच्या लोकांना धरतच नव्हते, ते कलम गेलं 1967 च्या सार्वमतानंतर, 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटल्यावर.

म्हणून या मुलांचं मला मनापासून कौतुक आहे, आणि मागणंही आहे. 1965 च्या पोरांनी नुसती निदर्शनं केली नाहीत, लोकांच्या घरी जाऊन सर्व्हे केला, कसे राहता, कुठे अडवतात, ते त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं. आजच्या मुलांनीही पूलसमोर फोटो काढावेत, जरूर काढावेत, पण वॉलगेट, मोरीत कोणाच्या तरी घरी बसावं, आत्ता काय अडलंय ते ऐकावं, आणि निघण्याआधीच दुसऱ्या खेपेची तारीख त्यांना सांगून यावी.