आश्रितांचे नगर: रोमची दंतकथा, उदय आणि अस्त

सन्माननीय अध्यक्ष आणि श्रोतेहो,

१५२८ साली फ्रान्समधील ल्यों येथे, एका टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात, कांस्याचा एक मोठा कोरीव पत्रा सापडला. त्यावर रोमन सम्राट क्लॉडियसचे भाषण लॅटिनमध्ये कोरलेले आहे. इ.स. ४८ मध्ये गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, काही प्रतिष्ठित मंडळींनी रोमच्या सिनेटमध्ये बसण्याचा हक्क मागितला होता. सिनेटमधल्या जुन्या घराण्यांचा त्याला कडवा विरोध होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वी अलेसियापाशी ज्युलियस सीझरलाच वेढले होते, त्यांना आपल्या पंक्तीला कसे बसवायचे, असा त्यांचा सवाल होता. उत्तर देताना क्लॉडियसने रोमच्या जुन्या राजांची कुळकथाच उघडली. दुसरा राजा न्यूमा हा सेबाइन, म्हणजे परका. थोरल्या टार्क्विनचा बाप कॉरिंथहून आलेला ग्रीक. सर्व्हियस टुलियस तर एका बंदिवान स्त्रीचा मुलगा, आणि रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या इतिहासकारांचे मानायचे तर मूळचा मास्टर्ना नावाचा एट्रुस्कन शिलेदार. सम्राटाने आपल्या राज्याच्या सर्वोच्च सभेला बजावून सांगितले की, आपल्या सिंहासनावर पहिल्यापासून बाहेरची माणसे बसत आली आहेत.

या भाषणाची आठवण आरंभीच करून देण्याचे कारण असे की, रोमच्या दंतकथा, रोमचा उदय आणि रोमचा अस्त या तिन्हींना जोडणारा धागा मला त्यात दिसतो. परक्याला आपलासा करण्याची रीत हे रोमचे सर्वांत मोठे बळ होते, आणि ती रीत मोडली तेव्हा पश्चिमेकडील साम्राज्याचे शेवटचे पर्व सुरू झाले, असे माझे मत आहे.

प्रथम दंतकथा पाहू. रोमन लोक आपला मूळपुरुष म्हणून इनीअसचे नाव घेत. हा ट्रॉयचा योद्धा, व्हीनस देवीचा मुलगा. जळत्या नगरातून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन तो बाहेर पडला आणि समुद्रावर भटकत इटलीच्या किनाऱ्याला लागला. म्हणजे पराभूत पक्षाचा, घरदार गमावलेला निर्वासित. त्याच्या मुलाने आल्बा लोंगा हे नगर वसवले. पुढे अनेक पिढ्यांनी तेथे अम्युलियसने आपला थोरला भाऊ न्यूमिटर याला पदच्युत केले आणि त्याची मुलगी रिआ सिल्व्हिया हिने वंश वाढवू नये म्हणून तिला व्हेस्टा देवीची ब्रह्मचारिणी पुजारीण केले. तिला युद्धदेव मार्सपासून जुळे मुलगे झाले. राजाच्या हुकमाने त्यांना टायबर नदीत सोडण्यात आले. पुराचे पाणी ओसरल्यावर काठाला लागलेल्या त्या अर्भकांना एका लांडगीने दूध पाजले आणि फॉस्ट्युलस नावाच्या गुराख्याने त्यांना वाढवले. नदीत सोडलेले मूल आणि त्याला वाढवणारे साधे कुटुंब, ही कथा आपल्याकडे कर्णाच्या रूपाने घरोघरी माहीत आहे.

रोम्युलस आणि रेमस मोठे झाले, त्यांनी आजोबांना गादी परत मिळवून दिली आणि स्वतःचे नगर वसवायला निघाले. जागेवरून आणि मानावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी पक्ष्यांचा कौल लावला. ॲव्हेंटाइन टेकडीवर उभ्या असलेल्या रेमसला आधी सहा गिधाडे दिसली, पॅलेटाइनवरच्या रोम्युलसला नंतर बारा. आधी दिसलेल्यांचा मान मोठा की संख्येने अधिक असलेल्यांचा, यावरून हातघाई झाली आणि रेमस मारला गेला. परंपरेने या स्थापनेची तिथी इ.स.पू. ७५३ मधील २१ एप्रिल ही मानली.

कथेचा यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नगर वसले, पण माणसे नव्हती. म्हणून रोम्युलसने कॅपिटोलाइन टेकडीवर एक आश्रयस्थान जाहीर केले. शेजारच्या मुलखांतून पळून आलेले दास आणि स्वतंत्र लोक, नवे जीवन शोधणारे सगळे तेथे जमले. इतिहासकार लिव्ही कोणताही आडपडदा न ठेवता लिहितो की, रोमच्या भावी थोरवीचे पहिले बळ या गर्दीत होते. मग बायका हव्यात म्हणून उत्सवाचे आमंत्रण देऊन सेबाइनांच्या मुली पळवण्यात आल्या. हे कृत्य निखालस अत्याचाराचे होते आणि कथा ते लपवत नाही. सेबाइन सूड घ्यायला आले तेव्हा त्याच स्त्रिया दोन सैन्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या, तह झाला, आणि सेबाइन राजा टायटस टाटियस रोम्युलसबरोबर गादीवर बसला. भावाचा खून, पळपुट्यांची वस्ती आणि पळवून आणलेल्या बायका हा वारसा कोणत्याही राष्ट्राने दडपला असता. रोमन लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितला.

यातले किती खरे? पॅलेटाइन टेकडीवरील उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकातील झोपड्यांच्या खांबांचे खड्डे मिळाले आहेत, म्हणजे त्या काळी तेथे वस्ती होती एवढे निश्चित. जुळे भाऊ आणि लांडगी यांना पुरावा नाही आणि तो शोधण्यातही अर्थ नाही. समाज स्वतःबद्दल काय सांगतो हीदेखील इतिहासाची साधनसामग्रीच असते.

इ.स.पू. ५०९ मध्ये, परंपरेनुसार, शेवटचा राजा उद्दाम टार्क्विन याला हाकलून रोमने प्रजासत्ताक स्थापन केले. पुढील दोनशे वर्षे सामान्य प्लेबियन आणि उमराव पॅट्रिशियन यांच्या झगड्यात गेली. त्यातून लोकरक्षक ट्रिब्यून, बारा पाट्यांवर लिहिलेले कायदे आणि प्लेबियनांसाठी कॉन्सल हे सर्वोच्च पद या गोष्टी एकामागून एक मिळवल्या गेल्या. मला थांबायचे आहे ते इ.स.पू. ३३८ पाशी. त्या वर्षी रोमने लॅटिन नगरांचे बंड मोडले आणि जिंकलेल्या नगरांशी वेगवेगळे करार केले. कोणाला पूर्ण नागरिकत्व, कोणाला मतदानाविना नागरिकत्व, कोणाशी मैत्री. खंडणी कोणाकडूनच मागितली नाही. मागितले ते सैनिक. प्रत्येक विजयाबरोबर पुढच्या युद्धासाठी फौज वाढत गेली.

हे शत्रूंच्याही नजरेतून सुटले नव्हते. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने इ.स.पू. २१५ च्या सुमारास थेसलीतील लारिसा नगराला पाठवलेले पत्र शिलालेखाच्या रूपाने उपलब्ध आहे. नगराची लोकसंख्या रोडावली आहे, परक्यांना नागरिक करून घ्या, असे तो कळवतो आणि उदाहरण देतो ते रोमचे: ते लोक दासांना मुक्त केल्यावर नागरिक करून घेतात, अधिकारपदांतही वाटा देतात, आणि त्यामुळेच त्यांनी सुमारे सत्तर ठिकाणी वसाहती पाठवल्या आहेत. तपशिलात थोडी अतिशयोक्ती आहे, पण लिहिणारा राजा त्याच सुमारास रोमशी लढणाऱ्या, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगराच्या हॅनिबल या सेनापतीचा दोस्त झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या साक्षीचे वजन कळते.

त्या हॅनिबलने इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या मैदानावर एका दिवसात सुमारे पन्नास हजार रोमन आणि त्यांचे दोस्त कापून काढले. त्याचा हिशेब असा होता की, एवढ्या पराभवानंतर इटलीतील दोस्त नगरे रोमला सोडतील. कॅपुआ फुटले, टॅरेंटम फुटले, दक्षिणेतील आणखी काही फुटली. पण लॅटिन वसाहती आणि मध्य इटली हलली नाही. रोमने नव्या फौजा उभ्या केल्या, गुलामांनाही मुक्तीचे वचन देऊन शस्त्रे दिली, आणि इ.स.पू. २०२ मध्ये आफ्रिकेत झामा येथे हॅनिबलला हरवले. कोणत्याही एका सेनापतीच्या कर्तबगारीपेक्षा मी याचे श्रेय इ.स.पू. ३३८ च्या त्या करारांना देतो.

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर ती श्रोत्यांची फसवणूक होईल. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज आणि कॉरिंथ ही दोन्ही नगरे एकाच वर्षी उद्ध्वस्त केली आणि हजारोंना गुलाम करून विकले. गुलामांच्या श्रमावर मोठ्या जमीनदाऱ्या उभ्या राहिल्या आणि लढून परतलेला लहान शेतकरी देशोधडीला लागला. जमिनीच्या फेरवाटपाचा कायदा आणणारा टायबेरियस ग्रॅकस इ.स.पू. १३३ मध्ये मारला गेला. दोन शतके खांद्याला खांदा लावून लढलेल्या इटालियन दोस्तांनी नागरिकत्व मागितले तेव्हा रोमने ते नाकारले आणि इ.स.पू. ९१ मध्ये ते शस्त्र घेऊन उठले. त्यांनी पाडलेल्या नाण्यांवर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगाने भोसकताना दाखवला आहे. ज्या लांडगीने परक्यांच्या मुलांना दूध पाजल्याचे सांगितले जाई, तीच आता दोस्तांना शत्रूचे चिन्ह वाटू लागली होती. पुढच्याच वर्षी रोमने कायदा करून त्यांना नागरिकत्व देऊ केले. देणे हे शहाणपणाचे होते, पण ते रक्त सांडल्यावर सुचले.

सुल्ला, पाँपी, सीझर, अँटनी यांच्या यादवीने प्रजासत्ताक संपले आणि इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसची एकछत्री सत्ता स्थिरावली. सम्राटांच्या काळात नागरिकत्वाचा विस्तार चालू राहिला. ट्रेजन आणि हेड्रियन यांची घराणी स्पेनची. सेप्टिमियस सिव्हेरसचा जन्म आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्ना येथला. त्याचा मुलगा कॅराकाला याने इ.स. २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र प्रजेला नागरिक केले. त्यामागे करवसुली वाढवण्याचा हेतू होता असे समकालीन इतिहासकार कॅसियस डायो म्हणतो, आणि तो खरा असू शकतो. रोमच्या सहस्राब्दीचा उत्सव इ.स. २४८ मध्ये साजरा केला तो फिलिप या अरब कुळातील सम्राटाने. याच व्यापारसमृद्ध साम्राज्याचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती त्याची साक्ष देते.

तिसऱ्या शतकात साथीचे रोग, यादवी आणि इराणचे नवे सासानी राज्य यांनी साम्राज्य खिळखिळे केले. डायोक्लेशन आणि कॉन्स्टंटाइन यांनी ते सावरले, पण आता ते अवजड, करभाराने दबलेले आणि हळूहळू पूर्व-पश्चिम दुभंगणारे राज्य होते. अशा वेळी, इ.स. ३७६ मध्ये, हूणांच्या भयाने गॉथ हे जर्मानिक लोक डॅन्यूबच्या काठी आले आणि त्यांनी आश्रय मागितला. सम्राट व्हॅलेन्सने तो दिला. नदीकाठच्या अधिकाऱ्यांनी मात्र या उपाशी माणसांचा बाजार मांडला: कुत्र्याच्या मांसाच्या मोबदल्यात गॉथ आईबापांकडून मुले गुलाम म्हणून घेतली, अशी नोंद माजी रोमन लष्करी अधिकारी असलेल्या अमियानसने केली आहे. बंड पेटले, आणि ९ ऑगस्ट ३७८ रोजी ॲड्रियानोपल येथे सम्राटासह रोमन फौजेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नष्ट झाला. कॅनीनंतर असा संहार झाला नव्हता, असे अमियानस लिहितो. कॅनीनंतर मात्र दोस्त टिकून राहिले होते. येथे होऊ घातलेले दोस्तच शत्रू झाले होते.

चूक सुधारण्याची संधी अजून होती. सम्राट थिओडोशियसने ३८२ मध्ये गॉथांशी तह केला आणि ते त्याच्यासाठी लढलेही. पश्चिमेचा सरसेनापती स्टिलिको हा व्हँडल या जर्मानिक टोळीतील बापाचा मुलगा होता आणि त्याने वर्षानुवर्षे इटली राखली. ऑगस्ट ४०८ मध्ये दरबारी कारस्थानातून त्याचा शिरच्छेद झाला, आणि पाठोपाठ इटलीच्या शहरांत रोमन फौजेतील परकीय सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल करण्यात आली. सुमारे तीस हजार सैनिक गॉथांचा राजा अलारिक याला जाऊन मिळाले. रोमने आपल्याच सैनिकांना शत्रूच्या छावणीत लोटले.

अलारिकने रोमला वेढा घातला आणि उठवण्यासाठी पाच हजार पौंड सोने, तीस हजार पौंड चांदी, चार हजार रेशमी अंगरखे, लाल रंगवलेली तीन हजार कातडी आणि तीन हजार पौंड मिरी मागितली. ही मिरी आपल्या मलबारची. पण त्याची खरी मागणी निराळी होती: आपल्या लोकांसाठी जमीन, धान्य आणि साम्राज्यात मानाची जागा. पुढच्या वर्षी तो एवढा खाली उतरला की, डॅन्यूबकाठचा नोरिकम हा उजाड प्रदेश आणि वर्षाचे धान्य एवढ्यावर तह करायला तयार झाला. रावेन्नाच्या दलदलीमागे सुरक्षित बसलेल्या पश्चिमेच्या सम्राट होनोरियसच्या दरबाराने नकार दिला. २४ ऑगस्ट ४१० रोजी गॉथ रोममध्ये शिरले आणि तीन दिवस लूट चालली.

यानंतरचा अस्त हा मुख्यतः महसुलाचा प्रश्न आहे. ४३९ मध्ये व्हँडलांनी, रोमनांनी पुढे पुन्हा वसवलेले, कार्थेज घेतले; उत्तर आफ्रिका हा पश्चिमेचा सर्वांत श्रीमंत प्रदेश, तेथून धान्य आणि कर येत. तो गेला तसा सैन्याचा पगार गेला, पगार गेला तसे उरलेले प्रांत गेले. ४६८ मध्ये आफ्रिका परत घेण्यासाठी पाठवलेले प्रचंड आरमार व्हँडलांनी जाळले, आणि नवी मोहीम काढायला खजिन्यात काही उरले नाही. ४७६ मध्ये ओडोआकर या सेनानायकाने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला पदच्युत केले, त्याच्या वयाची दया येऊन वर्षासन बांधून दिले आणि कॅम्पानियात नातेवाइकांकडे पाठवले. राजचिन्हे पूर्वेकडील साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला, रवाना झाली. तेथील ग्रीकभाषी सम्राट आणि प्रजा मात्र २९ मे १४५३ पर्यंत, ऑटोमन तुर्कांनी ते शहर जिंकेपर्यंत, स्वतःला रोमनच म्हणवत राहिली.