ईअरफोन जातो तो मानेतून

मित्रहो, नागपुरातल्या बर्डीच्या मेन रोडवर फूटपाथपासून मोठ्या दुकानापर्यंत 200 ते 800 रुपयांत वायरचे ईअरफोन मिळतात. घेताना गिऱ्हाईक एकच परीक्षा घेतं. कानात घालायचं, गाणं लावायचं, बास दणदणला की पैसे द्यायचे. पण स्वस्त ईअरफोन आवाजापायी क्वचितच टाकावा लागतो. आतला ड्रायव्हर, म्हणजे पातळ पडदा, त्याला चिकटलेली तांब्याची कॉइल आणि मागचं चुंबक, नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. आधी जाते ती वायर, आणि तीही बहुतेक तीनच जागी: पिनच्या मानेत, दोन कानांकडच्या वायरी फुटतात त्या सांध्यात, किंवा वायर कानातल्या डबीत शिरते तिथे. म्हणून पारख वायरीपासून सुरू करू.

एखाद्या जुन्या ईअरफोनची वायर सोलून पाहा. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारांचा झुबका दिसेल, त्यावर लाल, हिरवं किंवा सोनेरी वार्निश. मधोमध पांढरा-पिवळा धागा असतो. ओढ सोसायचं काम त्या धाग्याचं, तांब्याचं नव्हे. तांबं एकाच बिंदूत पुन्हा पुन्हा वाकलं की एकेक तार तुटत जाते. शेवटच्या दोन-चार तारा उरल्या की आवाज ये-जा करू लागतो. आपण पिन फिरवून, दाबून तो परत आणतो आणि त्या उरलेल्या ताराही तोडतो.

पिनच्या मागे रबराची निमुळती शेपटी असते, तिचं काम हा वाक पसरवायचं. पिन आडवी धरा आणि वायर हलकेच खाली वाकवा. शेपटी धनुष्यासारखी गोलाईत वाकली तर चांगली. ती काठीसारखी ताठ राहिली आणि वायर तिच्या टोकाशी काटकोनात मोडली, तर त्या शेपटीने काहीच साधलं नाही. तुटायची जागा फक्त सेंटीमीटरभर पुढे सरकली. पुष्कळ स्वस्त ईअरफोनांत शेपटीवर खाचा नुसत्या उमटवलेल्या असतात, प्लॅस्टिक मात्र कडक. नखाने दाबलं की लगेच कळतं. हीच परीक्षा वरच्या दोन जागांची घ्या. डबीजवळ आणखी एक गोष्ट पाहायची: डबी एका हातात धरून वायर अगदी हलकी ओढा. वायर मिलिमीटरभर जरी बाहेर सरकली, तरी समजा की आत गाठ मारलेली नाही आणि सगळी ओढ थेट सोल्डरवर, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडावर येते. असा ईअरफोन कितीही गोड वाजला तरी घेऊ नका.

कापडी वेणीची वायर दिसायला दणकट, पण आतल्या तारा त्याच. शिवाय ती शर्टाला घासली की खरखर थेट कानात येते, आणि काही महिन्यांत टोकाशी सुटते. चपटी वायर गुंतत कमी, पण एकाच दिशेने वाकते. पीळ बसला की कडेच्या तारांवर ताण येतो. साधी गोल, मऊ, हाताला न चिकटणारी वायर सर्वांत बरी. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त तापतं. वायरीवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने बाहेर येतं. वायर आधी चिकट होते, मग कडक, मग तडकते. डिक्कीत ईअरफोन ठेवायचा नाही, एवढं पाळलं तरी त्याचं आयुष्य वाढतं.

पिनचा आकारही बघा. कव्हर घातलेल्या फोनमध्ये जाड मानेची पिन पूर्ण बसत नाही. अशा वेळी आवाज पोकळ होतो, गाणारा गायब होतो आणि वाद्यं तेवढी उरतात. कारण ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक परतीची जोडणी, जुळत नाही, आणि दोन्ही कानांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो वजा होतो. माईकवाल्या पिनवर तीन काळ्या पट्ट्या आणि चार भाग असतात: टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड, माईक. जुन्या पद्धतीत शेवटचे दोन उलटे असायचे. माईकचं बटण दाबून धरल्यावर आवाज भरून आला, तर दोष याच जोडणीत आहे, कारण ते बटण माईक आणि ग्राउंड एकत्र जोडतं.

मल्टिमीटर, म्हणजे विजेचा अडथळा ओहममध्ये मोजणारं यंत्र, असेल तर दोन मिनिटांत निकाल लागतो. टोक ते ग्राउंड आणि पहिलं कडं ते ग्राउंड असे ओहम मोजा. खोक्यावर 16 ओहम लिहिलं असेल तर साधारण तेवढंच किंवा थोडं कमी दिसेल. दोन्ही बाजूंत एखाद्या ओहमहून जास्त फरक नको. मग मोजत असतानाच वर सांगितलेल्या तिन्ही जागा हलवा. आकडा नाचला तर आत तारा तुटायला लागल्या आहेत. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापात माईक आणि ग्राउंडमध्ये प्ले-पॉजच्या बटणाला 0, आवाज वाढवायला 240 आणि कमी करायला 470 ओहम असतात. बटणं तुमच्या फोनवर चालत नसतील तर बिघाड समजण्याआधी हे मोजून बघा. ईअरफोन दुसऱ्या पद्धतीच्या फोनसाठी बनलेला असू शकतो.

डबीवर जोडाची रेघ नखाने चाचपा. नख अडकलं तर तिथून घाम शिरेल. कानात घालताना कुरकुर झाली तर हवेच्या दाबाने पडदा वाकतो आहे. हवा जायचं भोक नाही, किंवा ते गोंदाने बुजलंय. कानात जाणाऱ्या नळीच्या टोकाशी बारीक कडा हवी, नाहीतर रबर कानातच राहून जातं. डावा-उजवा अंधारात चाचपून कळला पाहिजे; चांगला कारागीर डाव्या बाजूला एक टिंब ठेवतो. एवढ्याशा टिंबाला पैसा लागत नाही, आणि ते दिसलं की बनवणाऱ्याने वापरणाऱ्याचा विचार केलाय हे मला जाणवतं.

आवाजाची परीक्षा आता, आणि तीही गाण्याने नको. एकट्या माणसाच्या बोलण्याचं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच वाजणारं, रेकॉर्डिंग लावा. आवाज बरोबर डोक्याच्या मध्यावर ऐकू यायला हवा. तो पसरट, दिशाहीन वाटला आणि बासही पातळ झाला, तर एका बाजूच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्यात.

आणि मान तुटलीच, तर ईअरफोन फेकू नका. तुटलेल्या जागेपासून 2 सेंटीमीटर पुढे वायर कापा. नव्या पिनचं झाकण आणि नळी आधी वायरीत ओवून घ्या. हे विसरल्यामुळे पुष्कळदा लावलेलं सोल्डर परत काढावं लागतं. पांढरा धागा तांब्यापासून वेगळा करा, पण कापू नका. तारांवरचं वार्निश जाईपर्यंत तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारा बुडवून ठेवा. तारा चंदेरी झाल्या नाहीत तर जोड वरून बसलेला दिसेल, पण वाजणार नाही. पिनच्या पकडीत तो धागा तांब्यापेक्षा थोडा ताणून दाबा, आणि झाकण फिरवण्याआधी एकदा मल्टिमीटर लावा.