दोन ओळींत बसलेलं नाव

[दृश्य : संध्याकाळचे साडेसात. कोथरूडमधल्या एका सोसायटीचं फाटक. गाडीच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा कशाबशा बसवल्या जातायत.]

विमान मुंबईहून, पहाटे अडीचचं. पुणेकर मात्र संध्याकाळच्या चहानंतर लगेच घराबाहेर पडतो. एक्स्प्रेसवे, घाट, खालापूरचा टोल, वाशीचा पूल, आणि एवढं सगळं करून टर्मिनल 2 ला पोचलं की समोर रांगा. तिकडे अमेरिकेत उतरलं की पुन्हा रांगा.

यातल्या काही रांगा रीतसर टाळता येतात. त्यासाठी वशिला लागत नाही. सरकारला आधीच सांगायचं, की बाबा, माझी चौकशी आत्ताच करून घे, म्हणजे विमानतळावर नको. भारतात या सोयीचं नाव एफटीआय-टीटीपी, म्हणजे विश्वासू प्रवाशांसाठीचं जलद इमिग्रेशन. अमेरिकेत ग्लोबल एन्ट्री. आणि देशांतर्गत प्रवासासाठी डिजीयात्रा, जी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर रोज दिसते.

या तिघींची लोक सर्रास गल्लत करतात, म्हणून आधी ती सोडवू.

[दृश्य : लोहगाव, नवं टर्मिनल. कॅमेऱ्यासमोर चेहरा, काचेची झडप उघडते.]

पुण्याचं नवं टर्मिनल 14 जुलै 2024 पासून वापरात आलं. इथलं डिजीयात्राचं गेट फक्त देशांतर्गत प्रवाशासाठी आहे. आधार डिजीलॉकरमधून जोडायचं, सेल्फी काढायचा, वेब चेक-इन झालं की बोर्डिंग पासचा बारकोड ॲपमध्ये चढवायचा. दाराशी बारकोड दाखवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं. आतली झडती आणि बॅगांचं स्कॅनिंग इतरांसारखंच होतं, त्यात सूट नाही. दुबईचं विमान पकडायला आलेल्याने हे ॲप उघडून उपयोग नाही.

एफटीआय-टीटीपी ही इमिग्रेशनची सोय. 22 जून 2024 रोजी दिल्लीच्या टर्मिनल 3 वर ती सुरू झाली. 16 जानेवारी 2025 ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद जोडले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी पाच विमानतळ. या तिन्ही टप्प्यांच्या यादीत पुणे नाही. पण पुणेकरांचा लांबचा परदेश प्रवास बहुतेक मुंबईहूनच होतो, त्यामुळे अर्ज करून ठेवण्यात तोटा काहीच नाही. फी शून्य.

[दृश्य : पासपोर्ट उघडलेला. कॅमेरा फोटोवरून खाली सरकतो आणि तळाच्या दोन ओळींवर थांबतो.]

आता जरा जवळून बघू. फोटोच्या पानाच्या तळाशी या दोन ओळी आहेत. प्रत्येकीत 44 जागा. एरवी आपण त्या वाचतही नाही, पण गेटवरचं यंत्र त्याच वाचतं.

पहिल्या ओळीत सुरुवातीला पासपोर्टची खूण आणि देशाचा संकेत. त्यात पाच जागा जातात, उरलेल्या 39 नावासाठी. आधी आडनाव, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, मग नाव, एक खूण, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. म्हणजे कुलकर्णी, दोन बाण, अनिकेत, एक बाण, सुरेश. उरलेली ओळ बाणांनी भरलेली.

दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा नंबर. नंबरासाठी नऊ जागा राखलेल्या असतात, आपला नंबर आठच जागांचा, एक अक्षर आणि सात आकडे. म्हणून नववी जागा बाणाने भरतात. त्यानंतरचा सुटा आकडा नंबरातला नाही. तो पडताळणीचा आकडा. नंबरातल्या प्रत्येक जागेला क्रमाने 7, 3, 1 ने गुणून, बेरजेला 10 ने भागून जी बाकी उरते ती. यंत्राने नंबर चुकीचा वाचला तर इथेच पकडलं जातं. अर्ज भरताना बरेच जण हा आकडाही नंबराला चिकटवून टाकतात. तो सोडायचा. आणि पहिल्या अक्षरानंतर गोल दिसलं तर ते शून्य, ‘ओ’ नाही.

[दृश्य : एकाच टेबलावर आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, विमानाचं तिकीट.]

मराठी माणसाचं घोडं पेंड खातं ते नावापाशी.

शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. आधारवर नाव आधी. पॅनवर कधीकाळी एजंटाने वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर टाकलेलं. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘दिलेलं नाव’ या रकान्यातच मुलाच्या नावाला जोडून आलेलं. आणि तिकीट काढणाऱ्याने वेळ वाचवायला मधलं नाव गाळलेलं.

त्यात स्पेलिंगची भर. मृणालचा ‘मृ’ आपण एम-आर-यू असा लिहितो, हिंदी वळणाचं सॉफ्टवेअर तो एम-आर-आय करतं. ज्ञानेश्वर आपल्याकडे डी-एन-वाय ने सुरू होतो, उत्तरेत जी-वाय ने. आधार केंद्रावरच्या ऑपरेटरने मराठी रकाना भरताना रोमन रकान्यात आपोआप काय उमटलं, ते त्या वेळी कुणी बघत नाही. कळतं ते डिजीयात्रा बोर्डिंग पास नाकारते तेव्हा. ॲपला आधारवरचं नाव आणि पासवरचं नाव जुळायला हवं असतं. मृणाल एकच आहे, हे त्याला कोण समजावणार?

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं तर अर्धं कपाट जुन्या नावाने आणि अर्धं नव्या नावाने असतं. मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. तेव्हा कुठलाही अर्ज भरण्याआधी पासपोर्टवरचं नाव प्रमाण मानायचं आणि तिकीट, व्हिसा, अर्ज सगळं त्याबरहुकूम करायचं. पासपोर्टच चुकला असेल तर आधी तो दुरुस्त करायचा, मगच बाकीचं.

आडनावाचा रकाना कोरा असलेले पासपोर्टही आहेत, सगळं नाव एकाच रकान्यात. अशा पासपोर्टला एकच नाव असेल तर नोव्हेंबर 2022 पासून संयुक्त अरब अमिरात पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश देत नाही. अमेरिकन व्हिसावर तेच एकटं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफ-एन-यू छापून येतं, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. तिकिटावरही मग तीच अक्षरं घालावी लागतात. बारशाला सगळ्या नातेवाइकांसमोर ठेवलेलं नाव अज्ञात!

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. अर्जाचे रकाने एकामागून एक भरले जातायत.]

एफटीआय-टीटीपीचा अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा. भारतीय पासपोर्टधारक किंवा ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक), वय 12 ते 70. म्हणजे मुलीकडे जाणारे 68 वर्षांचे आजोबा बसतात, 72 वर्षांचे बसत नाहीत. अर्जाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. मोबाइल आणि ईमेल दोन्हींवर ओटीपी येतो. पांढऱ्या पार्श्वभूमीचा ताजा फोटो, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचं स्कॅन, आणि राहता पत्ता पासपोर्टपेक्षा वेगळा असेल तर त्याचा पुरावा.

पत्त्याची ही अट पुण्यात फार जणांना लागू पडते. पासपोर्ट सांगली-साताऱ्याच्या पत्त्यावर, राहणं वाकडला भाड्याने. राहता पत्ताच द्यायचा. खोटी किंवा लपवलेली माहिती हे अर्ज फेटाळण्याचं थेट कारण आहे.

स्कॅन मोबाइलने काढणार असाल तर पासपोर्टचं प्लास्टिक कव्हर काढा. ट्यूबलाइटचा पट्टा नेमका त्या दोन ओळींवर चमकतो. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून काढा आणि चारही कोपरे दिसू द्या.

पडताळणी झाली की बायोमेट्रिकसाठी निरोप येतो. बोटांचे ठसे आणि चेहरा. हे परदेशी नागरिक नोंदणीच्या प्रादेशिक कार्यालयात देता येतं, किंवा ठरवून दिलेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर. त्यासाठी मुद्दाम मुंबईची खेप करू नका. पुढचा प्रवास मुंबईहून असेल तेव्हा तासभर आधी पोचून तिथेच उरकावं, हे सोपं. त्या खेपेला मात्र नेहमीच्या रांगेतून जायची तयारी ठेवा.

[दृश्य : हाताचा क्लोज-अप. मेंदीने गडद झालेली बोटांची टोकं काचेवर टेकतात.]

ठसे न उमटण्याची कारणं अगदी घरगुती असतात. लग्नघरातून थेट आलेल्या हातांची मेंदी. भांडी-धुणी करून किंवा शेतात राबून झिजलेल्या रेषा. थंडीत कोरडी पडलेली कातडी. सुरी लागलेला अंगठा. मेंदी उतरू द्या. कोरड्या बोटांना आदल्या रात्री खोबरेल तेल लावा, सकाळी हात नीट धुऊन, कोरडे करून जा. तेलकट बोट काचेवर ठेवलं तर रेषांऐवजी नुसता डाग उमटतो.

मंजुरी जास्तीत जास्त पाच वर्षांची, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यात जे आधी येईल ते. पासपोर्टची दोन वर्षं उरली असतील तर सोयही दोनच वर्षांची. तेव्हा मुदत संपत आली असेल तर आधी पासपोर्ट नवा करून घेतलेला बरा. गेटवर बोर्डिंग पास, पासपोर्ट, मग चेहरा आणि ठसे. सगळं जुळलं की झडप उघडते, आणि इमिग्रेशन झालं असं धरलं जातं. जाताना आणि येताना, दोन्हीकडे चालतं. सुरक्षा तपासणी आणि कस्टम्स त्यातून सुटत नाहीत.

[दृश्य : मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र, सकाळ. फाईल छातीशी धरलेली माणसं.]

ग्लोबल एन्ट्रीचा रस्ता लांबचा. भारतीय नागरिकांना ती 2017 पासून खुली आहे. फी 120 डॉलर, 1 ऑक्टोबर 2024 आधी 100 होती. अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. आई किंवा वडील सदस्य असतील किंवा अर्ज करत असतील तर 18 वर्षांखालच्या मुलाला फी नाही, पण अर्ज त्याचाही वेगळाच. अर्जात गेल्या पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि फिरलेले देश. हिंजवडीतल्या इंजिनियरने या काळात तीन फ्लॅट आणि दोन कंपन्या बदललेल्या असतात. तारखांत मधेच दोन महिन्यांचं भोक राहिलं की तिथे प्रश्न येतो. जुने भाडेकरार आणि रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच बसावं.

अमेरिकेच्या तपासणीखेरीज भारताकडूनही पार्श्वभूमीची पडताळणी होते. त्यासाठी पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर वेगळा अर्ज आहे. ही पायरी माहीत नसल्याने कित्येकांचे अर्ज अडकून पडतात, आणि ते अमेरिकेकडून ईमेल येण्याची वाट बघत बसतात.

तिकडून सशर्त मंजुरी आली की मुलाखत. भारतात त्यासाठी केंद्र नाही. सोपा मार्ग म्हणजे पुढच्या खेपेला अमेरिकेत उतरताच, जिथे ही सोय आहे त्या विमानतळावर, वेळ न घेता मुलाखत देणं. सशर्त मंजुरीपासून 730 दिवसांत हे उरकावं लागतं. एक खाच इथे आहे. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकन इमिग्रेशन तिथेच होतं, आणि अमेरिकेत ते देशांतर्गत प्रवाशांसारखे बाहेर पडतात. उतरल्यावर मुलाखतीचा अधिकारी त्यांच्या वाटेतच येत नाही. तिकीट काढतानाच याचा विचार करा.

सदस्य झालात तरी व्हिसा लागतोच. बाहेर पडल्यावर आय-94, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, ऑनलाइन काढून मुक्कामाची शेवटची तारीख तपासायची सवय सोडू नका.

मिळणारा नऊ आकड्यांचा सदस्य क्रमांक हा खरा ऐवज. अमेरिकेतल्या तिकिटात ‘ज्ञात प्रवासी क्रमांक’ या रकान्यात तो टाकला की टीएसए प्रीचेकची वेगळी सुरक्षा रांग मिळते. नुसत्या प्रीचेकसाठी एच-1बी या नोकरीच्या किंवा पर्यटक व्हिसावरच्या भारतीयाला अर्ज करता येत नाही, ती सोय अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. कॅनडाच्या सीमेवरची अशीच सोय, नेक्सस, हीही भारतीय नागरिकाला अमेरिका किंवा कॅनडाचा कायमचा रहिवासी असल्याशिवाय नाही. पुण्यातल्या एजंटाने काढलेल्या तिकिटात सदस्य क्रमांक सहसा गेलेलाच नसतो. विमान कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतः घाला, आणि नाव तिथेही पासपोर्टसारखंच आहे ना ते बघा. मधलं नाव गळालं की पासवर प्रीचेकचा शिक्का येत नाही, आणि माणूस काउंटरवर भांडत राहतो.

दोन वर्षांतून एकदा नातवंडांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी 120 डॉलर घालवू नयेत, असं आमचं मत. वर्षाला तीन-चार खेपा करणाऱ्याने जरूर घ्यावी.

पासपोर्ट नवा झाला तर ग्लोबल एन्ट्रीच्या खात्यात नवा नंबर भरायचा. एफटीआय-टीटीपीला नवा अर्ज.

[दृश्य : स्वयंपाकघरातला ओटा. बॅगेत जायला निघालेले डबे.]

मिळालेलं सदस्यत्व जातं कशाने? बऱ्याचदा या ओट्यावरून. कस्टम्सचा नियम मोडला की ग्लोबल एन्ट्री रद्द होऊ शकते, आणि न सांगितलेलं फळ हाही नियमभंगच. भारतातून अमेरिकेला हापूस 2007 पासून जातो खरा, पण विकिरण प्रक्रिया होऊन, निर्यातीच्या पेटीतून. हातातल्या पिशवीतल्या चार आंब्यांना ती वाट नाही. ताजा कढीपत्ता चालत नाही. मटणाचं लोणचं चालत नाही. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं तरी तो गुन्हा तुमचाच.

चकली, भाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला, काहीही असो, खाण्याचं आहे का असं विचारलं की ‘हो’ म्हणायचं. अधिकारी म्हणाला तर डबा उघडायचा. तो वास घेतो, मान हलवतो. झाकण घट्ट लावायचं, नाहीतर मसाला बॅगभर होतो, आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागायचं.